रेसिंग कारचा क्लच आणि आपला डावा पाय

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सावरून घेतले आहे.)



कमिटीचा आग्रह होता की मी नॉमिनेशन, लॉकर आणि ज्येष्ठांच्या मुदतठेवी यांवर बोलावं. निवृत्त बँकवाला म्हटला की विषय ठरलेलाच. पण त्यावर मी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि दूधवाल्याच्या रांगेत गेली कित्येक वर्षं बोलतोच आहे, आणि ज्यांना नॉमिनेशन करायचं नाही ते अजूनही करत नाहीत. म्हणून आज विषय मी मागून घेतला. रेसिंग कारचा क्लच आणि गिअरबॉक्स.

हसू नका. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी नातवाबरोबर फॉर्म्युला वनची शर्यत बघायचा रिवाज आहे. त्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी फक्त दोन पेडल असतात. उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. मग क्लच कुठे गेला? या एका प्रश्नाच्या मागे मी बराच वाचत गेलो, आणि जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण त्याचा आपल्या पार्किंगच्या उताराशीही संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू. पेट्रोलचं इंजिन थांबून राहू शकत नाही. ते सुरू आहे म्हणजे मिनिटाला निदान सात-आठशे फेरे मारतच असतं. चाकं मात्र सिग्नलला थांबलेली असतात. फिरणारी वस्तू आणि थांबलेली वस्तू एकदम जोडली तर काय होईल? गाडी बेडकासारखी उडी मारेल आणि बंद पडेल. म्हणून मधे एक तबकडी ठेवतात. इंजिनाच्या बाजूला जड फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की दाब सुटतो, प्लेट मोकळी होते. पेडल हळूहळू सोडलं की प्लेट आधी घसरते, मग धरते, मग एकजीव होऊन फिरते. हे जे मधलं घसरणं आहे, ज्याला आपण 'हाफ क्लच' म्हणतो, तेच क्लचचं खरं काम. आणि तिथेच तो झिजतो.

आता गिअर. इंजिनाची ताकद सगळ्या वेगांना सारखी नसते, एका ठरावीक टप्प्यातच ते जोरात ओढतं. म्हणून निघताना लहान गिअर, पळताना मोठा गिअर. गिअर असलेली सायकल ज्याने चालवली आहे त्याला हे पायातूनच कळलेलं असतं. गिअर बदलताना अडचण अशी की आत दोन दातेरी भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात आणि त्यांना एकमेकांत अडकवायचं असतं.

इथे आपण डोंबिवलीकर आहोत याचा फायदा होतो. प्लॅटफॉर्मवर येत असलेली लोकल थांबायच्या आत पकडणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. (पकडू नका, आता वय नाही.) तो माणूस काय करतो? आधी गाडीच्या बाजूने धावतो, आपला वेग तिच्या वेगाला आणतो, आणि मग दांड्याला हात घालतो. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये हे धावण्याचं काम 'सिंक्रोमेश' नावाची पितळी कडी करते. ती आधी घासून दोन्ही वेग सारखे करते, मग दाते अडकतात. जुन्या फियाटला पहिल्या गिअरसाठी ही सोय नव्हती. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की असा खर्रर्र आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

फियाटचं नाव काढलं आणि आपल्या भागाबद्दल बोललो नाही असं कसं होईल? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बांधली. तिचीच पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. आणि आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर त्याच कंपनीचा दुसरा कारखाना होता, जिथून नव्वदीच्या दशकात प्यूजो ३०९ बाहेर पडली. आता तिथे मोठमोठे टॉवर उभे आहेत, पण जुने लोक रिक्षावाल्याला अजून 'प्रीमियर कंपनी' म्हणूनच सांगतात. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटून असायचा, चार गिअर. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ही फियाट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

रेसिंग कारमध्ये सिंक्रोमेश नसतो. धावत बाजूने जाण्याइतका वेळच नसतो. तिथे असतात 'डॉग', म्हणजे कडेला बाहेर आलेले चार-पाच जाडजूड दाते आणि समोरच्या गिअरमध्ये त्यांच्यासाठी ऐसपैस खाचा. माणूस धावत नाही, थेट दारात उडी मारतो. मोठी खाच असल्यामुळे वेग थोडा कमीजास्त असला तरी दाता आत बसतो. आवाज होतो, धक्का बसतो, पण काम झटक्यात होतं.

आणि हे काही परदेशातलं जादूचं यंत्र नाही. आपल्या पार्किंगमधल्या प्रत्येक मोटारसायकलमध्ये नेमकं हेच आहे! मोटारसायकलला गिअर एकापुढे एक असेच पडतात. चौथ्यातून एकदम पहिल्यात जाता येत नाही. आत एक खाचा कोरलेला ढोल असतो. पायाने खटका मारला की तो थोडा फिरतो आणि पुढचा डॉग सरकवतो. फॉर्म्युला वनच्या गाडीत हाच ढोल असतो, फक्त तो पायाऐवजी हायड्रॉलिकने फिरतो. पवईला आयआयटीची किंवा विद्याविहारला सोमय्याची इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धेसाठी स्वतः रेसिंग कार बांधतात हे तुम्ही वाचलं असेल. देशात अशा पेट्रोलवरच्या कॉलेजच्या गाड्यांमध्ये बरेचदा मोटारसायकलचंच इंजिन बसवलेलं असतं. केटीएम ३९० चं इंजिन त्यांत आवडतं, आणि ते बनतं आपल्या चाकणला. इंजिनाबरोबर रेसिंगला चालेल असा गिअरबॉक्स आयताच मिळतो, मुलांना वेगळा बनवत बसावा लागत नाही.

आता क्लच पायातून हातात कसा आला, ते.

१९८९ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाडीतही आपल्यासारखेच तीन पेडल आणि उजव्या हाताला गिअरचा दांडा असे. त्या वर्षी फेरारीने जॉन बर्नार्ड या इंजिनिअरने आखलेली ६४० नावाची गाडी आणली. सात गिअर, आणि ते बदलायला स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. गिअर बदलताना क्लच दाबायचं काम यंत्राकडे गेलं. सरावात ही गाडी इतकी बंद पडत होती की ब्राझीलच्या पहिल्या शर्यतीला नायजेल मॅन्सेलने लवकरच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, असं तो स्वतःच सांगतो. शर्यतीदरम्यान त्याचं स्टिअरिंग व्हील सैल झालं, पिटमध्ये नवं बसवावं लागलं. आणि तो जिंकला! पुढे त्या मोसमात ती गाडी पुष्कळदा बंद पडली, पण हात स्टिअरिंगवरून न काढता गिअर बदलता येतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

जुन्या पद्धतीत काय व्हायचं याचं उदाहरण दोनच वर्षांनी त्याच देशात दिसलं. १९९१, साओ पाउलो. आयर्टन सेना तोवर स्वतःच्या देशात एकदाही जिंकला नव्हता. त्याच्या मॅक्लारेनला दांड्याचाच गिअरबॉक्स होता. शर्यत संपत आली असताना एकेक गिअर पडेनासा झाला आणि शेवटच्या फेऱ्यांत फक्त सहावा उरला. शीळफाट्याचं वळण टॉप गिअरमध्ये घेऊन बघा म्हणजे कल्पना येईल. तशात पावसाचे थेंब. तो पहिला आला, पण गाडीतून त्याला बाहेर काढावं लागलं, आणि चषक उचलायला हात वर होईनात.

काही वर्षांतच सगळ्यांकडे पट्ट्या आल्या. २००५ च्या सुमारास पुढची पायरी आली. एक गिअर सुटायच्या आधीच पुढचा अडकलेला असतो, त्यामुळे मधे ताकद तुटतच नाही. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. एवढ्या वेळात आपली पापणीसुद्धा लवत नाही. २०१४ पासून पुढचे आठ गिअर आणि एक रिव्हर्स असा नियम आहे. रिव्हर्स ठेवावाच लागतो, वापरतो क्वचितच कोणी. गिअरबॉक्सचा खोका म्हणजे गाडीच्या पाठीचा कणाच. मागच्या चाकांचं सस्पेन्शन त्यालाच बसवलेलं असतं.

मंडळी, आता मला जे खरं सांगायचं आहे तिथे येतो.

यंत्राने हे सगळं करायला सुरुवात केल्यावर माणसाची गरजच काय उरली? तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही. १९९३ मध्ये विल्यम्स कंपनीने गिअरच नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स गाडीला बसवून चाचणी घेतली. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो त्याच तत्त्वावरचा. इंजिन कायम सगळ्यात ताकदीच्या टप्प्यावर ठेवायचं आणि पट्टा आपोआप वेग जुळवत जाणार. तो शर्यतीत उतरायच्या आतच नियम आला की गिअर मोजता येतील असेच असले पाहिजेत. मग २००१ ते २००३ या काळात गिअर आपोआप पडायला आणि सुरुवातीला गाडी आपोआप सुटायला परवानगी होती. ड्रायव्हरने बटण धरायचं आणि सोडायचं. २००४ पासून तेही बंद केलं. कधी गिअर बदलायचा हे ड्रायव्हरनेच ठरवायचं आणि सुरुवातीला क्लच त्याच्याच हाताने सुटला पाहिजे.

मला हे फार आवडलं. आम्ही बँकेत असताना कॉम्प्युटर आले, सगळी आकडेमोड मशीन करू लागलं, तरी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची ही पद्धत तशीच राहिली. मशीनला जमत नव्हतं म्हणून नाही. कोणीतरी माणूस जबाबदार असावा म्हणून. फॉर्म्युला वनवाल्यांनीही तेच केलं. सगळं यंत्राला देऊन एक काम मुद्दाम माणसाकडे ठेवलं, आणि ते सगळ्यात अवघड आहे.

किती अवघड ते बघा. रेसिंग कारचा क्लच व्यासाने साधारण दहा सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या घरच्या पुरीएवढा. आपल्या छोट्या मोटारीचा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. एका प्लेटऐवजी त्यात कार्बनच्या अनेक पातळ प्लेट एकावर एक. या प्लेट थंड असताना वेगळ्या वागतात, तापल्यावर वेगळ्या. म्हणून शर्यतीआधीच्या फेरीत ड्रायव्हर मुद्दाम एक-दोनदा सुटून बघतो, आज क्लच कुठे धरतोय याचा अंदाज घेतो. मग रांगेत उभं राहायचं. स्टिअरिंगमागचा क्लचचा खटका ओढून धरलेला, पहिला गिअर पडलेला, इंजिन किंचाळतंय. पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि एकदम विझतात. त्या क्षणी बोटांनी खटका धरण्याच्या बिंदूपर्यंत सोडायचा आणि तिथून पुढे हळूहळू. जास्त सोडला तर चाकं जागच्या जागी फिरतात, कमी सोडला तर मागचे पुढे निघून जातात. एकदा गाडी पळायला लागली की पुढचा दीड-दोन तास गिअर बदलायला त्याला क्लचला हात लावावा लागत नाही. पिटमध्ये थांबला तरच.

ज्यांनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना एक गोष्ट सांगतो. डाव्या हाताने क्लच दाबून, तीच मूठ फिरवून गिअर टाकत आपण मागे बायको आणि पुढे मुलगा घेऊन ठाकुर्लीपर्यंत जायचो, ते बोटांचंच काम होतं. फक्त आपल्यामागे वीस गाड्या नव्हत्या.

या कामात मदत मिळू नये म्हणून नियम आणखी आवळले. २०१५ च्या ऑगस्टपासून इंजिनिअरने रेडिओवरून क्लचबद्दल सांगायचं नाही असं ठरलं. त्याआधी स्टिअरिंगमागे क्लचचे दोन खटके वापरता येत. एक एकदम सोडायचा, दुसऱ्याने बारीक सांभाळायचं. २०१६ मध्ये सुरुवातीसाठी एकच खटका राहिला. आणि मग काय झालं? लुईस हॅमिल्टन, त्या वेळचा जगज्जेता. मेलबर्नला सर्वांत पुढे उभा होता, पहिल्या वळणानंतर सहाव्या-सातव्या जागेवर गेला. इटलीत मॉन्झाला पुन्हा सर्वांत पुढे, सुटताना घसरून सहाव्यावर. जपानला दुसऱ्या जागेवरून आठव्यावर. तिन्ही शर्यती त्याचाच सहकारी निको रोझबर्ग जिंकला.

वर्षाअखेर हिशेब असा : रोझबर्ग ३८५ गुण, हॅमिल्टन ३८०. पाच गुणांनी जगज्जेतेपद गेलं. आता जुन्या सवयीने मी खतावणी मांडतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८. मॉन्झाला हॅमिल्टन दुसरा आला. तिथे फक्त हे दोघे अदलाबदल झाले असते तर त्याचे सात वाढले असते आणि रोझबर्गचे सात घटले असते, म्हणजे चौदाचा फरक. अर्थात मलेशियात पुढे असताना त्याचं इंजिनही जळालं होतं, तेव्हा सगळा बोजा क्लचवर टाकणं बरोबर नाही. पण बोटांच्या त्या दोन-तीन सेकंदांची किंमत एवढी असू शकते.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईच्या जेहान दारूवालाचं. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूमध्ये तो अनेक वर्षं धावला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीरला तिथली पहिली शर्यत जिंकला. त्या गाडीला सहा गिअर, क्लच हातात. २०१८ मध्ये ती गाडी नवी होती तेव्हा सुरुवातीलाच एवढ्या गाड्या बंद पडायच्या की दोन ठिकाणी शर्यत चालत्या गाड्यांनी सुरू करावी लागली. म्हणजे ज्या कामासाठी माणूस ठेवला तेच काही काळ बाजूला ठेवावं लागलं! जेहान पुढे २०२४ च्या मोसमात फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीत गेला. तीच शर्यत जी फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी झाली. त्या गाडीत क्लच नाही आणि गिअरही एकच. विजेची मोटर शून्यापासूनच जोर लावते, तिला थांबून राहता येतं, त्यामुळे घसरवत जोडायची गरजच नाही. या शर्यतीच्या पहिल्या मोसमात गाड्यांना पाच गिअर होते, पुढे एकेक करत सगळ्यांनी काढून टाकले. मला स्वतःला ती शर्यत बघताना सुरुवात थोडी अळणी वाटते. नातवाला तसं वाटत नाही.

आता फियाट. तीच कंपनी १९६९ पासून फेरारीत अर्ध्याची भागीदार होती, आणि मॅग्नेटी मारेली ही सुटे भाग बनवणारी कंपनीही तिच्याच घरातली. फेरारीच्या त्या १९८९ च्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मारेलीचा हात होता. आणि २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, तिच्यातली 'एएमटी' मारेलीकडूनच आली. गिअरबॉक्स साधाच, क्लच साधाच, फक्त पाय आणि हात यांच्या जागी यंत्र. म्हणजे आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या एएमटी गाड्यांचं नातं फेरारीशी लागतं, आणि पद्मिनीशीही. मालकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पण याच गाड्यांसाठी आता तो पार्किंगचा उतार. सकाळी नऊला बेसमेंटमधून वर येताना गेटशी रांग लागते. एएमटीवाले काहीजण ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरतात. गाडीत क्लचचं पेडल नाही म्हणून क्लचच नाही असं समजू नका. आत तो आहे, आणि त्या वेळी तो घसरतोय आणि तापतोय, शर्यतीच्या सुरुवातीला घसरतो तसाच. फरक इतकाच की शर्यतीत ते काही सेकंद चालतं आणि आपल्याकडे गेटवर कुरिअरवाल्याची नोंद होईपर्यंत. जळका वास आला की समजायचं. चढावर थांबायचं असेल तर ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा. पत्रीपुलावर, कोपरीला, घोडबंदर रोडच्या प्रत्येक फ्लायओव्हरवर हेच लागू.

आणि मुलांच्या आई-वडिलांना एक. दुचाकीचं लायसन्स गिअरचं वेगळं आणि बिनगिअरचं वेगळं असतं. मोटारीला कायद्यात तसा फरक नाही, एएमटीवर शिकलेला मुलगा त्याच लायसन्सवर उद्या गिअरची गाडी बाहेर काढू शकतो. म्हणून शिकवताना गिअरच्याच गाडीवर शिकवा, पुढे काय चालवायची ती चालवू द्या. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडे अजून तशा गाड्या आहेत तोवर.

प्रश्न नंतर घेतो, सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं आहे. खाली पार्किंगमध्ये सी विंगच्या एका मुलाने आपल्या मोटारसायकलमधून काढलेल्या जुन्या क्लच प्लेट आणून ठेवल्या आहेत. एक घर्षणाची, एक साधी पोलादी, पुन्हा एक घर्षणाची, अशा ओळीने लावल्या आहेत. चहा घेताना हातात घेऊन बघा. तेलकट आहेत, बायकांनी साड्या सांभाळा. चहाचा खर्च कमिटीचा आहे.